पिशवीतला भुसा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "मेस्त्री, छाती पुष्कळ सुधारली. दोन वर्षांपूर्वी वाटलं होतं, तुम्हाला रंधा सोडावा लागणार. एवढी धूळ आवरलीत कशी?"

विश्राम मेस्त्रींचा जीव भांड्यात पडला. घरच्या पडवीतलं सुतारकाम बंद पडलं तर खायचं काय, या काळजीने त्यांना घेरलं होतं. ते उत्साहाने सांगू लागले, "तुमचं ऐकलं. मास्क लावल्याशिवाय करवतीला हात लावत नाही. शिवाय धूळ ओढून घेणारं यंत्र बसवलं. सगळी धूळ त्याच्या कापडी पिशवीत जाते."

"आणि पिशवी रिकामी कोण करतं?"

"ही करते की!" मेस्त्रींनी शेजारी बसलेल्या बायकोकडे कौतुकाने पाहिलं. "रोज संध्याकाळी परसात नेऊन झटकते. तो भुसा शेगडीत ठासून भरला की आंघोळीचं पाणी तापतं. चिमूटभरसुद्धा वाया घालवत नाही."

"वहिनी, झटकताना तोंडाला काही बांधता?"

"मी कशाला? मी थोडंच लाकूड कापते!" सुमती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक्स-रेसाठी नवी चिठ्ठी ओढली. "पूर्ण नाव सांगा, वहिनी."

तिला नाव सांगता येईना. हा खोकला वर्षभर घरात होता. मेस्त्रींनी आज पहिल्यांदा तो शेवटपर्यंत ऐकला.