डोक्यावरची टोपली

चारोळीची फळं काळी पडेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही, असं यंदा साऱ्या गावानं ठरवलं होतं. पिकल्या मालाला नवी संस्था रास्त भाव देणार होती. मापाला माप मीठ देऊन कच्चाच उचलणारा व्यापारी आता नको होता. पण एका सकाळी तुळसाबाईला बिरशाच्या रानातून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. दरवर्षी असंच व्हायचं. एकानं फांदी तोडली की सारे धावायचे. "मंग मीच काहून मांगं राहू?" म्हणत तिनं कुऱ्हाड उचलली आणि सासूनं राखलेल्या झाडाच्या लगडलेल्या फांद्या खाली पाडल्या. हिरव्या फळांची टोपली डोक्यावर घेऊन ती परतली, तर शाळेपुढं सारा गाव बांबू सोलत होता. "संस्थेच्या मांडवाले सकाळपासून बिरशाच्या रानात बांबू तोडून राह्यलो," शेजारचा टिकाराम म्हणाला. "टोपलीत काय हाय, वहिनी?" तुळसाबाईनं टोपली उतरवलीच नाही.