उलटा लागलेला कागद

काकूंनी स्वतः काढलेलं आईचं चित्र छापायला दिलं. सगळे कागद बोटांनी चाचपून कापसाचा मऊ, जाड कागद निवडला. छापून आलं ते पार मेलेलं, जणू कुणी राख फासलीय.

"कागदाचं तर काही चुकलं नाही ना?" काकूंनी भीत भीत विचारलं.

"अहो, सगळ्यात भारी कागद आहे तो! रंगच तुमचे पाणचट, त्याला मशीन काय करणार?" छापणारा गुरकावला. "उद्या येते परत," म्हणत काकू मूळ चित्र काखेत मारून गेल्या.

दुसऱ्या दिवशी छापणाऱ्याच्या ध्यानात आलं. शाई धरणारी बाजू खाली गेली होती आणि छापलं होतं कागदाच्या पाठीवर! त्यानं जीभ चावली, नवा कागद सुलटा लावला आणि मशीनमध्ये राहिलेली चित्राची प्रत पुन्हा छापली. आई अशी उमटली की आता बोलेल. हात जोडून माफी मागायची, असं ठरवून तो वाट बघत बसला.

काकू हसतच आल्या. "तुमचंच खरं हो! घरी जाऊन आईवर चांगले गडद रंग चढवले. बघा, आता उठून दिसते ना?"

लालभडक ओठ, काळ्याकुट्ट भुवया. ती बाई कुणाचीच आई वाटत नव्हती.

"दिसते की," तो म्हणाला, आणि सुलटा छापलेला कागद हळूच टेबलाखाली सरकवला.