खुंटीवरचा दांडा

लामू बेटाच्या किनाऱ्यावर बाबांनी होडीच्या सुकाणूचा जुना दांडा काढला, घरी खुंटीला टांगला आणि नवंकोरं चाक बसवलं.

"आज चालवून बघ, झुहुरा. मग ठरवू, चाक की दांडा."

अर्ध्या वाटेत उजवीकडे खडक उगवला. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळायची, चाकाचं उलट. घाबरून झुहुराने सवयीने चाक उजवीकडेच, थेट खडकाच्या दिशेने गरागरा फिरवलं.

होडी डावीकडे वळली.

"वाचलो गं माझे आई!" बाबा हसतच सुटले. "नशीब, होडीला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे!"

घरात शिरताच झुहुरा आनंदाने ओरडली, "आपल्याला दांडाच!" आणि तिने तो खुंटीवरून काढला.

दांडा खाऱ्या पाण्याने निथळत होता. मुठीची जागा, कुणी आत्ताच सोडल्यासारखी, गरम होती.