पत्र्याखालची शाळा

औशाच्या नाजियानं तीन वर्षांच्या इनायाला अंगणवाडीतून काढलं. भूकंपानंतर उभारलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत खिचडी नि गाण्यांपलीकडं पोरगी शिकणार तरी काय? तिनं नर्सरीपासूनच 'नीट' परीक्षेची तयारी करून घेणारी तीन मजली शाळा निवडली.

"लई उंच हाय बेटा ती," सासू आबेदाबी म्हणाल्या. "पत्र्याखाली कशाचं भ्या न्हाई."

"अम्मी, तिला डॉक्टर करायचंय. पत्र्याखाली बसून कोण डॉक्टर झालंय?"

सोमवारी सकाळी जमीन हलली. नाजिया अनवाणीच शाळेकडं पळाली. इमारत धड उभी होती, पण आत एकही लेकरू नव्हतं.

"घाबरू नका ताई," वॉचमन म्हणाला. "मॅडमनं समद्यायला सुरक्षित जागी नेलंय."



अंगणवाडीच्या पत्र्याखाली इनाया नव्या गणवेशात खिचडी खात होती, आणि शेजारी ताटली घेऊन मॅडमही बसल्या होत्या.