नऊ हजार वर्षांची शेळी

“शेळीवाल्यांकडे का? जिना चढा, डावीकडचं दार,” खालचा शिंपी मशीन न थांबवता म्हणाला.

एकोणीस वर्षं उलटली तरी नाव चिकटलेलंच होतं. बाई जिना चढू लागल्या. हे नाव त्या माणसाला आपणच दिलंय, हा विचार काही केल्या पाठ सोडत नव्हता.

दार उघडलं ते एका उंच, जरा वाकलेल्या माणसाने. त्याच्या हाताला खळ लागली होती. एकेकाळी हा डोंगरातल्या कपारी खणून जुन्या माणसांच्या वस्त्या शोधायचा. आता पुस्तकांना पुठ्ठे चढवायचा.

“तुम्हाला सापडलेल्या हाडाचं वय मी काढलं होतं,” बाई दारातच म्हणाल्या. थांबल्या असत्या तर धीर सुटला असता.

तो दारातून बाजूला झाला. “आत या. उभ्याने सांगण्यासारखं दिसत नाही.”

त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं आणि ती आतल्या खोलीत पानं शिवायला जाऊन बसली. दार अर्धवट उघडं होतं.

त्या कपारीत नऊ फूट खाली त्याला पाळीव शेळीचं हाड सापडलं होतं. ते जुनं ठरलं असतं, तर त्या मुलखात माणसाने शेळ्या कधी पाळायला घेतल्या हे सांगणारा तो पहिला ठरला असता. पण हाडातल्या कार्बनवरून वय काढणाऱ्या बाईंच्या प्रयोगशाळेने कळवलं, शेळी कालपरवाची आहे. चौकशी बसली. हाड आपणच पुरलं, असं त्याने लिहून दिलं. नोकरी गेली आणि टोपणनाव मिळालं.

“चूक माझी होती,” बाई म्हणाल्या. “दर खेपेला आम्ही खाटकाकडचं एक ताजं हाडही तपासायला लावायचो. त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. ते बरोबर आलं, की बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. त्या दिवशी आम्लाने दोन नळ्यांवरचे आकडे पुसले गेले. मी ते आठवणीने पुन्हा लिहिले.”

“आणि अदलाबदल झाली.”

“खाटकाचं हाड नऊ हजार वर्षांचं निघालं! शेंबड्या पोरालाही शंका आली असती. मला वाटलं, ती नळीच बिघडली. दुसरा तुकडा लावला, तो बरोबर आला. आधीचा आकडा खोडला आणि तुमचा तसाच पाठवून दिला.”

प्रयोगशाळेत बाईंना सगळे ‘काटा’ म्हणायचे, इतक्या त्या काटेकोर. मग काट्याला कोण विचारणार, बाई गं, तू तरी बरोबर आहेस ना?

“निवृत्त होताना कच्ची वही चाळली, तेव्हा तो खोडलेला आकडा दिसला. त्या खेपेत दुसरं जुनं हाडच नव्हतं. तुमच्या हाडाची चिमूटभर पूड कपाटात शिल्लक होती. दोनदा तपासून घेतली.” त्यांनी कागद पुढे केला. “बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.”

“आपल्याकडे शेळी गेली,” तो म्हणाला. पण हसला नाही. त्याने कागद दोन्ही हातांनी धरला. “म्हणजे हाड तिथलंच होतं?”

“तिथलंच.”

“कोणी आणून पुरलेलं नव्हतं? नक्की?”

“नऊ हजार वर्षांचं हाड कोण कुठून आणणार?”

त्याचे डोळे भरून आले. बाईंना तो ओरडायला हवा होता, हाताला धरून बाहेर काढायला हवा होता. त्याची तयारी करूनच त्या आल्या होत्या. या रडण्याची मात्र त्यांनी तयारी केली नव्हती.

“पण तुम्ही लिहून का दिलंत? दमदाटी झाली?”

“छे हो. चांगले लोक होते, चहा दिला.” त्याने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं नाव येण्यापेक्षा माझं आलेलं बरं. एका निर्दोष माणसावर मी एकोणीस वर्षं मनातल्या मनात संशय घेतला, बाई. तुमची नुसती चूक. पाप माझं.”

बाईंनी उरलेलं सांगून टाकलं. त्यांचं पत्र सोमवारी छापून येणार होतं. संस्था कपार पुन्हा उघडणार होती. “तुम्हीच खणावं असं म्हणतात. तोच कोपरा, इंच इंच चाळून.”

तो टेबलाशी जाऊन बसला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. बाई निघाल्या तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

“जिना अंधारा आहे, येते खालपर्यंत,” म्हणत त्याची बायको बरोबर निघाली. अर्ध्या जिन्यात ती थांबली.

“माझ्यावरच होता यांचा संशय. मला माहीत होतं.”

“आता फिटला ना तो,” बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता येत होता.

“त्या वर्षी कपारीपाशी आमचा शेवटचा आठवडा उरला होता. काहीच सापडत नव्हतं. हे जेवेनात, बोलेनात. मला बघवेना.” तिने कठडा घट्ट धरला. “मग बाई, त्या कोपऱ्यात मी पुरलेलं हाड अजून तिथेच असेल?”