साडेसातची जोडी

मुसैब जिना चढून वर येतोय असं सारिकाने खिडकीतून बघून सांगितलं, तेव्हा सुनीलच्या दोन्ही हातांत डंबेल होते. त्याने ते खाली ठेवले, पायाने दिवाणाखाली ढकलले आणि चादर जमिनीपर्यंत ओढून वर बसला. बनियन घामाने भिजलं होतं, ते बदलायचं मात्र सुचलं नाही.

"त्याला कशाला घरी बोलावलंस?"

"त्यांच्या जिममधल्या लेडीज बॅचचं विचारायचंय. चार महिने तुम्हाला सांगतेय, चौकशी करा. तुम्ही त्या रस्त्याने जातच नाही."

ते खरं होतं. महाडात राहून सुनील चार वर्षं मुसैबच्या जिमवरून गेला नव्हता. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीने. कुणी जिमचा विषय काढला की त्याचं भाषण तयार असे. दुसऱ्याच्या घामाचा वास घ्यायला कशाला जायचं? घरी करा, पंखा आपला, वेळ आपली. त्याचं ऐकून ऑफिसातले दोघे घरच्या घरी दोरीवरच्या उड्या मारायला लागले होते.

आणि दिवाणाखालचे डंबेल मुसैबच्याच जिममधले होते. चार वर्षांपूर्वीच्या पुराचं पाणी ओसरल्यावर तिथला गाळ उपसायला सुनील गेला होता. तो दुसऱ्या मजल्यावर राहणारा, त्याच्या घरातला चमचाही भिजला नव्हता. मुसैबचं सगळं गेलं होतं. तिसऱ्या दिवशी चिखलात ही जोडी हाताला लागली. त्याने ती तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घातली आणि स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणली. नाहीतरी गंजणार, नाहीतरी भंगारात जाणार, असं वाटेत स्वतःला सांगितलं. सारिकाला सांगितलं, मुंबईच्या मित्राने पाठवले. मग गॅलरीत बसून त्यांना काळा रंग दिला.

मुसैब दारात चपला काढून आत आला, खुर्चीवर बसला. "काय सुनीलभाऊ, दिसतच नाय हल्ली."

"कामं असतात," सुनील म्हणाला.

सारिकाचे प्रश्न सुरू झाले. मुसैब एकेकाचं नीट उत्तर देत होता. "दहा ते बारा फक्त लेडीज. माझी बहीण आफिया शिकवते, मुंबईला कोर्स करून आलीय. पुरुष माणूस दारात पण नसतो तेव्हा."

"वजनं उचलायला लागतात का हो?"

"आधी पाच किलो. मग दहा. मधले साडेसातचे लागतात खरं तर, पण ते आपल्याकडे नायत. पुरात वाहून गेले."

सुनीलने पंख्याकडे पाहिलं. साडेसात किलोचं लोखंड वाहून कुठे जाणार, असं या माणसाला कधी वाटलं नसेल?

"वहिनी, तुम्हाला सांगतो," मुसैब म्हणाला, "चिखल काढायला माझे सख्खे पण आले नाय. हे चार दिवस आले. अम्मी अजून विचारते, दोनदा खिचडी मागून घेणारे ते भाऊ कसे हायेत म्हणून."

सुनीलला ती खिचडी आठवली आणि जीव नकोसा झाला. तिसऱ्या दिवशीही त्याने ती खाल्ली होती. पोतं स्कूटरवर ठेवून आल्यावर, हात धुऊन, मांडी घालून.

"व्यायामाची यांना आवडच आहे," सारिका कौतुकाने म्हणाली. "घरातच जिम केलीय. थांबा, दाखवते."

"राहू दे गो."

पण ती वाकली होती. चादर वर करून तिने एक डंबेल बाहेर ओढला, मग दुसरा. "मुंबईहून आलेत. किती किलोचे हो हे?"

"पाच," सुनील म्हणाला. हे खोटं त्याने का सांगितलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ते इतकं फालतू होतं की त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मुसैबने डंबेलकडे पाहिलं. हात लावला नाही. सारिका चहा आणायला आत गेली आणि दोघे पुरुष समोरासमोर बसून राहिले. याने आता उठावं, कॉलर धरावी, चार शिव्या घालाव्यात, असं सुनीलला फार वाटत होतं. मुसैब भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

चहा आला. मुसैबने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, साखर बरोबर झाली म्हणाला, बरोबर आणलेल्या फॉर्मवर सही कुठे करायची ते सारिकाला दाखवलं. सोमवारपासून या म्हणाला.

दारात चपला घालताना तो थांबला.

"वहिनी, त्यातल्या एकाचा नट सैल होतो. जपून हां, पायावर पडायचा. दर दोन महिन्यांनी आवळायला लागतो."

"हो का?" सारिका म्हणाली.

"साधा पाना नाय चालत त्याला. बारीक वाकडा लागतो." मग तो पहिल्यांदा सुनीलकडे बघून बोलला. "माझ्याकडे पडून हाय. उद्या पाठवून देतो."

तो जिना उतरला. सुनील दिवाणावरून उठला नव्हता. सारिकाने एक डंबेल उचलून हलवला, तो नाही वाजला. दुसरा उचलला. तो खडखडला.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या डंबेलचा पाना त्यांच्याकडे कसा?"