परत न पाठवलेलं पत्र

बाईंनी लाल पेनचं टोपण काढलं आणि नातीचं पत्र टेबलावर सपाट केलं. सात वर्षांची पोर. बाईंनी तिला एकदाही पाहिलं नव्हतं. पाकिटावरचा पत्ता मात्र लेकाच्या अक्षरात होता. ते अक्षर ओळखल्यावर बाईंनी पाकीट दारातच फोडलं होतं.

पत्र इंग्रजीत होतं आणि चुकांचा नुसता सुळसुळाट. शहराचं नाव लहान अक्षरानं सुरू. मांजराला मात्र थाटात कॅपिटल, जणू जगात ते एकच मांजर. बाबांची आई, आईची सायकल, मांजराची शेपटी, सगळीकडे एस चिकटवलेला, पण त्याआधीचा ॲपॉस्ट्रॉफी एकदाही नाही. कोणाचं काय, कळायला मार्ग नाही. विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक शिकवण्यात बाईंची चौतीस वर्षं गेली होती. त्यांचे हात शिवशिवू लागले. मग शेवटची ओळ आली. तिथे पोरीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, तेही लहान अक्षरानं. बाईंचा हात थांबला.

लेक वसतिगृहात गेला तेव्हापासूनचा नियम होता. त्यानं इंग्रजीत पत्र लिहायचं, बाईंनी तपासून परत पाठवायचं. पुढे तो नोकरीला लागला, दूर गेला, त्याचं लग्न झालं, तरी नियम चालूच. मुलगी झाल्याचंही त्यानं तसंच कळवलं. आनंदाच्या भरात बाळाचं नाव त्यानं लहान अक्षरानं सुरू केलं होतं. बाईंनी त्या नावाभोवती लाल गोल काढला, समासात 'विशेषनाम!' असं बजावलं, खाली 'अभिनंदन' लिहिलं आणि पत्र परत पाठवलं.

त्यानंतर लेकानं पत्र लिहिलं नाही. बाईंनी दोनदा फोन केला, तर 'कामात आहे' एवढंच ऐकायला मिळालं. चूक ती चूकच ना, असं त्या सात वर्षं स्वतःला समजावत होत्या आणि रोज पोस्टमनची वाट बघत होत्या. तो पुढे निघून गेला की त्यांना घास गोड लागत नसे.

त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं. निळ्या पेननं लिहिलं, 'तुझं पत्र फार आवडलं. पुन्हा लिही. तुझी आजी.' मन बदलायच्या आत उत्तर पेटीत टाकून आल्या. नातीचं पत्र मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलं, उशीखाली.

अठराव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आई, बरी आहेस ना?" लेकच होता.

"मला काय धाड भरलीय?"

"खरं सांग. तिचं पत्र तपासून परत आलं नाही. मी मुद्दाम तसंच पाठवलं होतं, म्हटलं तू सुधारशील. चौदा चुका होत्या, आई! आणि तू लिहितेस, फार आवडलं. आम्ही तिघंही निघतोय. काय होतंय तुला?"

चुका सोळा होत्या. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या भिंतीला टेकल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "हो रे, बरं नाहीच वाटत. या लवकर."